गावाचा मालक कोण? सर रिचर्ड टेंपल आणि आपल्या भागातली मालगुजारी

सौंसर आणि पांढुर्ण्याच्या गावांत आजही एखाद्या जुन्या वाड्याकडे बोट दाखवून तो मालगुजारांचा वाडा असे सांगितले जाते. मालगुजारी जाऊन सत्तर वर्षांहून अधिक काळ लोटला. वाड्याच्या भिंती ढासळल्या, वाटण्या झाल्या, मुले नागपूर, छिंदवाडा, भोपाळला गेली. पण शब्द गेला नाही. आपल्या घरांतल्या लाकडी पेट्यांमध्ये जपून ठेवलेल्या पिवळ्या कागदांवर तोच शब्द दिसतो. त्याच्या जोडीला पट्टा, सीर, खुदकाश्त, मौरूसी आणि निस्तार हेही शब्द येतात. आमच्या पिढीने ते आजोबांच्या तोंडून ऐकले. मुलांना मात्र त्यांचे अर्थ सांगावे लागतात.

हे सारे शब्द एका व्यवस्थेचे आहेत आणि त्या व्यवस्थेची पायाभरणी झाली ती १८६० च्या दशकात, साधारण दहा वर्षांच्या आत. त्या काळात आपल्या प्रांताचा कारभार ज्या माणसाच्या हाती होता, त्याचे नाव सर रिचर्ड टेंपल. महाराष्ट्रात ते मुंबईचे गव्हर्नर म्हणून ओळखले जातात. दुष्काळाच्या इतिहासात त्यांचे नाव वेगळ्या आणि कडवट कारणाने येते. पण आपल्या भागाशी त्यांचा संबंध याहून जुना आणि खोल आहे. गावाची जमीन कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे त्यांच्या कारकिर्दीत कागदावर सोडवला गेला. त्या उत्तराचे बरेवाईट परिणाम आपल्या पणजोबांनी भोगले. म्हणून त्यांचे चरित्र आपल्या मंडळाच्या वाचकांसमोर ठेवावे असे आम्हाला वाटले.

रिचर्ड टेंपल यांचा जन्म ८ मार्च १८२६ रोजी इंग्लंडमधल्या वूस्टर शहराजवळच्या केम्प्सी या गावी झाला. घराणे जमीनदाराचे होते. वडिलोपार्जित वाडा, कुळे, शेते असे वातावरण त्यांनी लहानपणापासून पाहिले. पुढे हिंदुस्थानात जमिनीचे प्रश्न हाताळताना हे बालपण त्यांच्या मनात कोठेतरी असणार, असे आम्हाला वाटते. शिक्षण रग्बीच्या प्रसिद्ध शाळेत झाले. त्यानंतर कंपनी सरकारचे मुलकी अधिकारी जेथे घडत, त्या हेलीबरीच्या कॉलेजात ते गेले. १८४७ च्या आरंभी ते कलकत्त्याला उतरले, तेव्हा वय एकवीसही पूर्ण नव्हते.

पहिली वर्षे उत्तरेकडे मथुरा आणि अलाहाबाद भागात गेली. तेथे थॉमसन नावाच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी जमीन महसुलाची एक पद्धत बसवली होती. प्रत्येक गावाची मोजणी करायची, शेतवार नोंद करायची, कोणाचा काय हक्क हे लिहून ठेवायचे आणि मग ठरावीक वर्षांसाठी महसूल कायम करायचा, अशी ती पद्धत. तरुण टेंपल याच शाळेत तयार झाले. त्यानंतर ते पंजाबात जॉन लॉरेन्स यांच्या हाताखाली गेले. शीख राज्य नुकतेच खालसा झाले होते आणि नव्या प्रांताची घडी बसवण्याचे काम चालू होते. टेंपल आधी बंदोबस्ताच्या कामात आणि नंतर लॉरेन्स यांचे सचिव म्हणून प्रांताच्या कारभारात होते. लेखणी चालवण्यात आणि घोड्यावरून दौरे करण्यात त्यांचा हात धरणारा क्वचितच कोणी होता. १८५९ मध्ये जेम्स विल्सन हे हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री झाले. या देशात प्राप्तिकर आणला तो त्यांनीच. टेंपल काही काळ त्यांच्या मदतीला होते. म्हणजे आपल्याकडे येण्यापूर्वी जमिनीचा महसूल आणि सरकारची तिजोरी या दोन्ही गोष्टी त्यांनी जवळून पाहिल्या होत्या.

इथे आपल्या भागाकडे वळायला हवे, कारण टेंपल आले तेव्हा येथे कोरी पाटी नव्हती. सातपुड्यातल्या देवगडच्या गोंड राजांचे राज्य, त्यानंतर नागपूरकर भोसल्यांचा अंमल, अशा दोन मोठ्या राजवटी या मातीने पाहिल्या होत्या. घाटावरचा डोंगराळ मुलूख आणि घाटाखालचा काळ्या मातीचा, कापूस-ज्वारीचा पट्टा असे या प्रदेशाचे दोन भाग. सौंसर आणि पांढुर्णा हे घाटाखालचे. कन्हान, जाम आणि त्यांच्या उपनद्यांच्या काठी मराठी बोलणाऱ्या कुणबी आणि इतर शेतकऱ्यांची दाट वस्ती होती. व्यवहार नागपूरशी होता, बाजार नागपूरचा होता.

भोसल्यांच्या काळात गावाचा कारभार पाटील पाहत असे. दरबार गावावर रक्कम बसवी, पाटील ती कास्तकारांकडून गोळा करी आणि भरी. त्याबद्दल त्याला उत्पन्नातला वाटा मिळे. पाटिलकी पुष्कळदा बापाकडून मुलाकडे जाई. पण पाटील म्हणजे गावाचा मालक नव्हे. त्याच्या हातात असे तो पट्टा, आणि तो पट्टा बहुधा वर्षाचा असे. रक्कम थकली किंवा दुसऱ्याने जास्त बोली लावली, तर पाटील बदलू शके. गाव विकण्याचा किंवा गहाण टाकण्याचा प्रश्नच येत नसे, कारण विकायला ते त्याचे नव्हतेच.

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आणि अप्पासाहेब भोसले पदच्युत झाल्यावर नवे राजे रघूजी तिसरे लहान होते. त्या काळात नागपूरचे रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी राज्याचा कारभार पाहिला. त्यांनी एक वर्षाऐवजी काही वर्षांच्या मुदतीचे पट्टे देऊन पाहिले. १८२७ मध्ये त्यांनी नागपूरच्या मुलखाविषयी सविस्तर अहवाल लिहिला. त्या काळातला पाटील कसा होता, हे समजून घ्यायला तो अहवाल आजही उपयोगी पडतो. पुढे कारभार पुन्हा राजाकडे गेला. ११ डिसेंबर १८५३ रोजी रघूजी तिसरे निपुत्रिक वारले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. नागपूरचा मुलूख आणि सागर-नर्मदेचा मुलूख एकत्र करून २ नोव्हेंबर १८६१ रोजी मध्य प्रांत तयार झाला. त्याची राजधानी नागपूर.

या नव्या प्रांताचे मुख्य आयुक्त म्हणून टेंपल एप्रिल १८६२ मध्ये नागपुरास आले. वय होते छत्तीस. मधला काही काळ सोडला तर १८६७ पर्यंत प्रांत त्यांच्याकडे होता. प्रांत अवाढव्य होता. रस्ते नव्हते, पूल नव्हते, आगगाडी अजून पोहोचायची होती. टेंपल यांनी कचेरीत बसून राज्य करण्याऐवजी घोडा जवळ केला. हिवाळाभर त्यांचा मुक्काम तंबूत असे. जिल्ह्यामागून जिल्हे ते पाहत. सोबत चित्रकलेचे साहित्य असे, कारण निसर्गाची चित्रे काढण्याचा त्यांना आयुष्यभर नाद होता. पण दौऱ्याचा मुख्य विषय एकच होता आणि तो म्हणजे जमीन.

जमिनीविषयी सरकारपुढे त्या वेळी दोन वेगळी कामे होती. पहिले, वसलेल्या गावांची जमीन कोणाच्या नावे लावायची आणि किती वर्षांसाठी. दुसरे, गावांच्या बाहेर पसरलेल्या पडीत रानाचे काय करायचे. एक काम पट्ट्याचे होते, दुसरे विक्रीचे आणि राखणीचे. दोन्ही कामे एकाच वेळी चालली आणि दोन्हींनी आपला भाग बदलला.

पहिल्या कामाला बंदोबस्त म्हणतात. आपल्या एखाद्या गावात तो कसा झाला असेल, याचे चित्र डोळ्यांपुढे आणण्याजोगे आहे. आधी मोजणी करणारे आले. साखळी टाकून शिवार मोजले गेले. प्रत्येक शेताला नंबर पडला, त्याचा नकाशा झाला आणि खसरा नावाच्या वहीत त्याची नोंद झाली. कोण कसतो, काय पिकते, माती कोणत्या प्रतीची, विहीर आहे की नाही, हे लिहिले गेले. त्यावरून जमाबंदी झाली. मग गावाच्या चालीरीतींची नोंद झाली. गुरे कोठे चरतात, सरपण कोठून आणतात, तलावाच्या पाण्यावर कोणाचा हक्क, कोतवालाला काय द्यायचे, असे सारे त्यात आले. त्या कागदाला वाजिब-उल-अर्ज म्हणत. जे आजवर तोंडी चालत होते ते पहिल्यांदाच शाईने लिहिले गेले. आणि शेवटी आला तो मुख्य प्रश्न. हे गाव कोणाचे म्हणून लिहायचे?

या प्रश्नाला तीन उत्तरे शक्य होती. मुंबई इलाख्यात सरकार थेट प्रत्येक शेतकऱ्याशी बोलत होते. तीच रयतवारी शेजारच्या वऱ्हाडातही आली. बंगालात मोठ्या जमीनदारांशी कायमचा करार झाला होता. उत्तरेत, जेथे टेंपल शिकले, गावाच्या मालकांशी ठरावीक मुदतीचा करार होई. मध्य प्रांतात हे तिसरे उत्तर निवडले गेले. हा निर्णय एकट्या टेंपल यांचा नव्हता. वरच्या सरकारचे धोरण त्यांच्या आधीच तिकडे झुकले होते. पण धोरण कागदावर असते आणि अंमल गावात होतो. हजारो गावांत तो अंमल प्रामुख्याने त्यांच्या देखरेखीखाली झाला आणि त्यांची त्यावर मनापासून श्रद्धा होती.

त्यामागचा विचार साधा होता. ज्याच्या हाती वर्षाचा पट्टा आहे तो विहीर कशाला खोदेल? आंब्याची बाग कशाला लावेल? तलावाचा बांध कशाला दुरुस्त करेल? पुढच्या वर्षी गाव दुसऱ्याकडे गेले तर त्याची मेहनत फुकट. त्याला मालकी द्या, महसूल तीस वर्षांसाठी ठरवून टाका, मग तो स्वतःच्या हिताने गाव सुधारेल, असे हे गणित. प्रांतातल्या बहुतेक जिल्ह्यांत तीस वर्षांची मुदत ठरली. गावच्या उत्पन्नातला ठरलेला हिस्सा सरकारात भरायचा आणि उरलेला स्वतःकडे ठेवायचा. असा महसूल, म्हणजे माल, गुजारणारा तो मालगुजार.

अशा रीतीने काल ज्याच्या हाती पट्टा होता, तो आज मालक झाला. गाव त्याच्या नावे लागले. ते आता त्याच्या मुलांना वारशाने मिळणार होते. ते गहाण टाकता येणार होते. ते विकताही येणार होते. ही शेवटची गोष्ट त्या वेळी किरकोळ वाटली असेल, पण पुढे तीच सर्वांत महत्त्वाची ठरली.

मग गावातल्या बाकीच्या कास्तकारांचे काय? त्यांनीही पिढ्यान्‌पिढ्या तीच जमीन कसली होती. अनेकांच्या वाडवडिलांनी पाटलाच्या बरोबरीने जंगल तोडून शेत काढले होते. एका कागदाने ते पाटलाचे गावकरी होते ते मालगुजाराची कुळे झाले. हा अन्याय होऊ शकतो, हे बंदोबस्ताच्या अधिकाऱ्यांच्या लक्षात आले होते आणि टेंपल सरकारने त्यावर काही उपाय केले, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ज्यांचा आपल्या शेतावरचा हक्क फार जुना आणि भक्कम होता, त्यांना त्या शेतापुरती मालकी मिळाली. त्यांना मलिक मकबूजा म्हणत. इतर जुन्या कास्तकारांपैकी अनेकांना मौरूसी हक्क मिळाले. यातल्या वरच्या वर्गाचे सारे बंदोबस्ताच्या मुदतीपर्यंत मालगुजाराला वाढवता येत नसत आणि त्यांना सहजासहजी शेतावरून हुसकताही येत नसे. त्यांच्या खाली साधी कुळे राहिली. त्यांचे संरक्षण तोकडे होते. एका गावात अशा तीन-चार पायऱ्या तयार झाल्या. आपल्या घरच्या जुन्या कागदावर पणजोबांच्या नावापुढे यांतला कोणता शब्द आहे, त्यावरून त्या घराची पुढची शंभर वर्षे बरीचशी ठरली.

आता दुसऱ्या कामाकडे येऊ. गावांच्या शिवाराबाहेर, विशेषतः घाटावर, मैलोन्‌मैल रान पसरले होते. सरकारच्या दृष्टीने ती पडीत जमीन होती. १८६१ मध्ये गव्हर्नर जनरल कॅनिंग यांनी अशी जमीन कायमच्या मालकीने विकण्याचे नियम काढले. न तोडलेल्या रानाला एकरी जास्तीत जास्त अडीच रुपये आणि साफ केलेल्या जमिनीला पाच रुपये, असा भाव ठरला. इंग्रज भांडवलदार येतील, कापूस आणि चहा पिकवतील, अशी आशा त्यामागे होती. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस बंद पडल्याने लँकेशायरच्या गिरण्या हिंदी कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. पण लंडनमधले भारतमंत्री चार्ल्स वुड यांना हे नियम पसंत पडले नाहीत. आधी मोजणी करा, कोणाचा हक्क आहे का ते पाहा आणि मग लिलाव करा, असा बदल त्यांनी करवला. १८६३ मध्ये अशा जमिनींवरचे दावे ऐकण्यासाठी कायदाही झाला.

टेंपल यांना पडीत जमीन लागवडीखाली यावी, प्रांतात भांडवल यावे असे मनापासून वाटे. पण आसामच्या आणि निलगिरीच्या डोंगरांत जे मळे उभे राहिले, तसे सातपुड्यात काही उभे राहिले नाही. इथे हिवताप होता, मजूर मिळत नव्हते आणि बाजार दूर होता. विक्रीपेक्षा राखणीचा परिणाम मोठा झाला. बंदोबस्तात प्रत्येक गावाला लागवडीच्या मानाने ठरावीक पडीत जमीन तोडून देण्यात आली आणि उरलेले रान सरकारचे झाले. जंगल खाते १८६० मध्येच सुरू झाले होते. सातपुड्यातले बोरीचे जंगल १८६५ मध्ये राखीव झाले. सागवान तोडायला बंदी आली. रान जाळून शेती करण्यावर निर्बंध आले.

पण ते रान खरेच कोणाचे नव्हते का? गोंड आणि कोरकू माणसे तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहत होती. त्यांची शेती फिरती होती. त्यांच्याकडे पट्टा नव्हता, कारण पट्ट्याची त्यांना कधी गरज पडली नव्हती. छिंदवाड्याच्या उत्तरेकडच्या डोंगरांतले हर्रईसारखे गोंड जहागीरदार मात्र राहिले. त्यांचा दर्जा टेंपल यांच्या काळात तपासून निश्चित केला गेला. पण साध्या गोंड माणसाच्या वाट्याला मालकी आली नाही. ज्या राजांच्या नावाने देवगड उभा आहे, त्यांचीच प्रजा आपल्या रानात परवानगीवाचून कुऱ्हाड लावू शकेना. मालगुजारीच्या गोष्टी सांगताना आपण हे सहसा विसरतो. विसरू नये, असे आम्हाला वाटते.

गंमत अशी की, गोंडांविषयी जाणून घेण्याची उत्सुकता टेंपल यांना होती. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आदिवासींच्या भाषा, कथा आणि चालीरीती यांविषयी पुष्कळ टिपणे जमवली होती. सप्टेंबर १८६३ मध्ये नदीला आलेल्या पुरात हिस्लॉप बुडून वारले. त्यांचे अर्धवट राहिलेले कागद टेंपल यांनी स्वतः संपादित केले आणि १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. ते केले नसते तर ते ज्ञान हरवले असते. एकाच माणसाच्या कारकिर्दीत गोंडांच्या कथा वाचल्या आणि त्यांचे रान गेले.

या पाच वर्षांत प्रांतात इतरही पुष्कळ झाले. शिक्षण खाते उभे राहिले, शाळा आणि दवाखाने निघाले. १८६५ च्या डिसेंबरात नागपुरात शेतमाल, कारागिरी आणि यंत्रांचे मोठे प्रदर्शन भरले. १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोहोचली. घाटाखालच्या आपल्या काळ्या मातीतल्या कापसाला त्यामुळे समुद्रापर्यंत वाट मिळाली. कापसाला पैसा आला, तशी जमिनीला किंमत आली. आणि जमिनीला किंमत आली, तशी ती गहाण घेणारेही आले.

१८६७ मध्ये टेंपल हैदराबादचे रेसिडेंट होऊन गेले. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य आपल्या भागाबाहेरचे आहे, पण ते थोडक्यात सांगितल्याशिवाय हा माणूस पुरता कळत नाही. १८६८ ते १८७४ ते हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री होते. १८७४ मध्ये बंगाल-बिहारात दुष्काळ पडला. टेंपल यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवला, सढळ हाताने मदत वाटली आणि माणसे वाचवली. त्याचे कौतुक होण्याऐवजी खर्च फार केला म्हणून सरकारात त्यांच्यावर टीका झाली.

ही टीका त्यांना लागली असावी, कारण तीन वर्षांनी त्यांनी अगदी उलटे वर्तन केले. १८७६-७७ च्या दक्षिणेतल्या भीषण दुष्काळात व्हाइसरॉय लिटन यांनी त्यांना पाहणीसाठी पाठवले. खर्च आवरणे हे त्यांचे काम होते. दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड धान्य आणि वर थोडेसे पैसे पुरेत, असे त्यांनी ठरवले. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोहूनही कमी. एवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. महाराष्ट्रात पुष्कळ मजुरांनी ही मजुरी घेऊन काम करायला नकार दिला आणि ते कामावरून निघून गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. टेंपल मजुरी हे नाव तेव्हापासून इतिहासात राहिले. त्या दुष्काळात लाखो माणसे मेली.

त्याच १८७७ सालच्या मे महिन्यात ते मुंबईचे गव्हर्नर झाले. वासुदेव बळवंत फडके यांचे बंड १८७९ मध्ये त्यांच्याच कारकिर्दीत झाले. कर्जाने आणि दुष्काळाने पिचलेल्या दख्खनच्या शेतकऱ्यांना सावकारांपासून थोडे संरक्षण देणारा कायदाही त्याच वर्षी आला. १८८० मध्ये राजीनामा देऊन ते इंग्लंडला परतले. पहिली निवडणूक हरले, पण पुढे दहा वर्षे पार्लमेंटचे सभासद राहिले. आठवणींची पुस्तके लिहिली. त्यांचे चिरंजीव रिचर्ड कार्नाक टेंपल हे पंजाबच्या लोककथांचे संग्राहक म्हणून प्रसिद्ध झाले. १५ मार्च १९०२ रोजी लंडनच्या हॅम्पस्टेड भागात सर रिचर्ड टेंपल यांचे निधन झाले.

आणि त्यांनी मागे ठेवलेल्या कागदांचे काय झाले? काही मालगुजारांनी टेंपल यांचे गणित खरे करून दाखवले. त्यांनी विहिरी खोदल्या, आमराया लावल्या, तलाव बांधले, देवळे आणि धर्मशाळा उभ्या केल्या. आपल्या भागातल्या कितीतरी गावांची ओळख अजून त्यांच्यामुळे आहे. पण जी मालकी विकता येते ती गमावताही येते. लग्नकार्य, कोर्टकचेऱ्या, भाऊबंदकी, नापिकी, काहीही निमित्त पुरे. गाव गहाण पडे आणि काही वर्षांत सावकाराच्या नावे होई. नवा मालगुजार कधी गावात राहतही नसे. १८८३ आणि १८९८ च्या कुळकायद्यांनी कास्तकारांचे हक्क वाढवले आणि मालगुजारांच्या हाताला लगाम घातला. पहिल्या बंदोबस्तात राहिलेल्या उणिवा भरून काढण्याचाच तो प्रयत्न होता. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी प्रांत मोडकळीस आणला. शेवटी स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश विधानसभेने कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजारी संपली. टेंपल यांच्या काळात लिहिलेला करार नव्वद वर्षांच्या आत पुसला गेला.

पुढे १९५६ मध्ये राज्ये भाषेप्रमाणे बदलली. नागपूर आणि विदर्भ वेगळे झाले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. सीमा अशा बदलत राहिल्या. शेतांचे बांध मात्र पुष्कळ ठिकाणी तेच आहेत, जे त्या पहिल्या मोजणीत साखळी टाकून मोजले गेले.

टेंपल यांना आम्ही ना खलनायक म्हणू, ना उपकारकर्ते. ते अत्यंत मेहनती, हुशार आणि महत्त्वाकांक्षी अधिकारी होते. मालकी दिली की माणूस सुधारतो, यावर त्यांचा विश्वास होता आणि त्यात तथ्यही होते. पण गाव म्हणजे एका माणसाची मालमत्ता नव्हे. त्यात पाटील होता, कास्तकार होता, कोतवाल होता, बलुतेदार होता, रानातला गोंड होता. या साऱ्यांचे एकमेकांशी नाते होते आणि त्या नात्याला एकाच रकान्यात एकच नाव लिहून उत्तर दिले गेले. ज्यांचे नाव त्या रकान्यात आले त्यांच्या घरी आज कागद आहेत. ज्यांचे आले नाही त्यांच्याकडे केवळ आठवणी आहेत. आपल्या मंडळात दोन्ही प्रकारची घरे आहेत.

म्हणून सभासदांना एक विनंती. घरातले जुने पट्टे, खसऱ्याच्या नकला, गहाणखते, पावत्या रद्दीत जाऊ देऊ नका. वाळवी लागण्याआधी त्यांचे फोटो काढून ठेवा. मोडी येणारी वडीलधारी माणसे अजून आहेत तोवर त्यांच्याकडून मजकूर वाचून घ्या. पहिल्या बंदोबस्ताची मिसल आपल्या गावाची मिळते का, याची कचेरीच्या अभिलेखागारात चौकशी करा. आणि ज्यांच्या घरी कागद नाही, त्यांनी आजी-आजोबांना विचारून आपल्या शेताची, आपल्या कुळीची हकीकत लिहून काढावी. मालगुजारांच्या वाड्याची गोष्ट आपण पुष्कळ वेळा सांगितली आहे. त्या वाड्यात सारा भरायला जाणाऱ्यांची गोष्टही आपल्याच घरांत आहे, आणि ती अजून लिहायची राहिली आहे.